तिसऱ्या पाळीसाठी कार्ड

शेजारची मृण्मयी दातीर रविवारी लॅपटॉप घेऊन आली.
"काका, तुम्ही टूलरूममध्ये होतात ना?
मीपण आता टूल्स लिहिते."

टूल लिहितात, हे मला नवीन.
भोसरीला एकतीस वर्षं मी टूल देत होतो,
खिडकीतून, पितळी टोकन ठेवून घेऊन.

तिनं समजावलं:
एक एजंट आहे, माणूस नव्हे.
सिंहगड रोडच्या एका सेंटरमध्ये
सोनोग्राफीच्या वेळा तोच सांभाळतो.
टूल्स त्याच्यापुढे मांडलेली असतात
पण त्याला ती दिसत नाहीत,
हातात धरून वजनही कळत नाही.
दिसतं फक्त वर्णन. दोन ओळी.
त्या वाचून ठरवतो, कुठलं उचलायचं.

मागच्या सोमवारी त्यानं
एक्केचाळीस जणांची नावं पुसून टाकली.
डॉक्टरांना तासभर उशीर होणार होता, एवढंच.
सकाळी सातला माणसं दारात, उपाशीपोटी,
आणि यादी कोरी.

"काय लिहिलं होतंस, दाखव."

*अपॉइंटमेंट हाताळते.*

आणि खालच्या टूलला:
*अपॉइंटमेंटचं व्यवस्थापन करते.*

मी चष्मा काढून पुसला.
हाताळणे.
आई तान्ह्याला हाताळते, पोलीस जमावाला हाताळतात,
मंडईत गिऱ्हाईक आंबा हाताळतं
आणि न घेता पुढे जातं.
या क्रियापदाला धारच नाही, पोरी.
लोणीसुद्धा कापलं जायचं नाही याने.

आतून बिस्किटांचा डबा आणला.
तेलाचे डाग पडलेली माझी कार्डं.

*रीमर, बारा मिलिमीटर.
भोक पाडत नाही. पाडलेलं भोक मापात आणतो.
आधी अकरा पॉइंट आठचा ड्रिल मारा.
उलटा फिरवू नका.
भोक पाडायचं असेल तर खण चार.*

तिनं दोनदा वाचलं.
"काय करत नाही, हेसुद्धा लिहायचं?"

पुण्यात राहून हे विचारतेस?
आपल्या जिन्यातली देवस्थळींची पाटी बघ:
बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, म्हातारे आहोत.
काय करायचं, किती वेळा,
आणि दार उघडायला वेळ का लागतो,
सगळं आलं.

मग आम्ही बसलो. चहा दोनदा झाला.
ती लिही, मी खोडी. मी सांगे, ती खोडी.

*रद्द करते. गेलेली वेळ परत मिळत नाही.
पेशंटनं स्वतः सांगितलं असेल तरच वापरा.
डॉक्टरांना उशीर असेल तर हे नव्हे, "पुढे ढकला" घ्या.*

*पुढे ढकलते. नवी तारीख आणि तास, दोन्ही लागतात.
माहीत नसतील तर अंदाज करू नका. विचारा.*

शेवटचा शब्द तिचा.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.

डब्यातलं रीमरचं कार्ड दुसरं आहे, हे तिला सांगितलं नाही.
पहिल्यावर माझ्याच अक्षरात होतं:
बारा नंबर, भोकासाठी.

तिसरी पाळी. औंधच्या आयटीआयचा शिकाऊ पोरगा, लोणकर.
रात्री अडीचला खिडकीवर मी नव्हतो,
कार्ड होतं.
त्यानं वाचलं तसं केलं.
रीमर तुटला, जिग वाया गेलं.
पैसे त्याच्या पगारातून कापले, तीन हप्त्यांत.
व्हाउचरवर सही माझी.
नवं कार्ड मी त्याच आठवड्यात लिहिलं,
सुंदर अक्षरात, आणि कुणाला काही बोललो नाही.

"त्या एजंटला मग काय केलं तुमच्या लोकांनी?"
मी विचारलं, ती चपला घालत असताना.

"त्याला काय करणार?" मृण्मयी म्हणाली.
"त्यानं बरोबरच वाचलं होतं, काका.
ओळ माझी चुकली होती."

आणि उतरली जिना, एका दमात,
जसं काही हे वाक्य
कुणालाही, कधीही, म्हणता येतं.