रकाना क्रमांक सात

फॉर्मच्या चार प्रती, सहीशिक्क्यानिशी.
रकाना सात : अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर.
पुरावे जोडा. कमाल गुण पंधरा.

मी जोडलं
कालिन्याच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र,
आठ दिवस, सगळे एसीच्या थंडीत, ओढणी कानाला गुंडाळून.
एकतीस व्हिडिओंची यादी. संख्याशास्त्र, दुसरं वर्ष.
कॅमेऱ्याच्या मंजुरीचं पत्र,
जे मी पदरमोड करून कॅमेरा घेतल्यावर
सात महिन्यांनी आलं, आणि ज्याच्या तळाशी होतं :
मंजुरीपूर्वीच्या खरेदीस परतावा नाही.

घाडीगावकरांना कुठे जोडायचं ते कळेना.
प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला.
खंडेनवमीला त्यांनी स्मार्ट बोर्डाला झेंडूची माळ घातली,
प्रोजेक्टरला हळदकुंकू वाहिलं
आणि एक बोट चुकून भिंगाला लागलं.
तेव्हापासून माझ्या प्रत्येक आलेखात
वर उजवीकडे
एक तांबूस ठिपका असतो.
मुलं विचारतात, मॅडम, हा आउटलायर का?
मी म्हणते, हो. आणि तो वगळायचा नाही.

कार्यशाळेत सांगितलं होतं, शांतता कापा.
तीन सेकंद गप्प राहिलात की मूल निघून जातं.
आमच्या छपरावरून तर दर चार मिनिटांनी विमान उतरतं.
मी पेन हवेत धरून उभी राहते,
काचा थरथरतात, थांबतात,
मग मी म्हणते, "तर".
ते सगळे थांबे रात्री जागून कापले.
एका व्हिडिओत राहून गेले.
अठरावा. प्रमाण विचलन.

फॉर्मला पाहणाऱ्यांचे आकडे हवे होते म्हणून बघितलं,
तर अठरावा
एकाच मुलानं एकेचाळीस वेळा लावलेला.
मेल्विन डाबरे. शेवटचा बाक, हजेरीची बोंब.
बोलावून घेतलं. म्हटलं, कुठे अडतंय?
म्हणाला, अडत नाही मॅडम.
सहारला कार्गोत नाइट असते माझी.
बाकीच्यांत तुम्ही फार पळता.
ह्यात विमान येतं, तुम्ही थांबता,
तेवढ्यात माझं लिहून होतं.
मग जरा वेळानं, जमिनीकडे बघत :
आता लिहून झालंय सगळं.
आता नुसताच लावतो, डबा खाताना.

सभागृहात शाल, श्रीफळ,
काचेचं मानचिन्ह, त्यावर 'प्रा. पळशीकर'.
मी पळणीटकर.
टाळ्या मात्र माझ्याच होत्या बहुतेक.
गुण पंधरापैकी चौदा.
एक का गेला, ते शेऱ्यात बारीक अक्षरात होतं :
व्हिडिओ क्र. १८, अनावश्यक विराम.

नारळ घाडीगावकरांना दिला.
ते म्हणाले, पुढच्या नवमीला फोडू,
प्रोजेक्टर तोवर टिकला तर.
भिंग पुसून देऊ का, असंही विचारलं.
नको म्हटलं.

काल बत्तिसावा केला. सहसंबंध.
अर्ध्यावर विमान आलं.
घाडीगावकर दाराशी, ओठांवर बोट ठेवून,
जणू विमान त्यांचं ऐकणार होतं.
मी थांबले.
आवाज विरला तरी थांबले,
कुणीतरी कुठेतरी घास घेत असेल म्हणून,
इतकी,
की दुसरं आलं.