बुधवारी लामारा येते

बुधवारी लामारा येते, चिखलाचे बूट दाराशी काढून.
पहिल्यांदा मी तिच्या पिशवीकडेच बघत होते :
यंत्र असेल, औषध असेल, निदान एखादी तारीख,
की अमुक महिन्यात टेकले चालेल.
पिशवीतून निघाली एक वही. आणि तिचं सफरचंद.

"न्हाऊ कशी घालतेस?
भरवतेस कुठे बसवून?"
दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कुताइसीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं,
घरात आणखी कुणी असं आहे का.

मांडीवर, म्हटलं. खुर्चीत ती कलंडते.
लामारा खुर्चीकडे बघत राहिली,
मग लोंबणाऱ्या पावलांकडे.
"अधांतरी कोण सरळ बसेल, बाई?"

गोचा या वेळी गोठ्यातच असतो, मुद्दाम.
दाराआडून ऐकलं असावं त्यानं.
रात्री करवतीचा आवाज आला, बराच वेळ.

सकाळी खुर्ची बुटकी झालेली,
एक खूर जरा जास्तच कापला गेलेला,
त्याखाली पुठ्ठ्याची घडी.
टेकले बसली. डुगडुगली.
लाकडी चमचा तोंडात कोंबला
आणि खाली, गार फळीवर,
दोन्ही पाय टेकले.

पुठ्ठा काढून चकती ठोकतो, गोचा म्हणाला,
बुधवारच्या आत.