तिसरी तार

मकरपुऱ्याची कंपनी बंद झाली तेव्हा
लिलावात मी वेल्डिंगचा रेक्टिफायर घेतला.
सव्वीस वर्षं माझ्या हाताखाली होता.
हिशेबाच्या पैशांतले अकरा हजार गेले,
टेम्पोवाल्याचे सातशे वेगळे.
मागच्या पडवीत उभा केला, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी,
आणि मग मान वर करून मीटर पाहिला.
दोन तारा.
एक फेज, एक न्यूट्रल.
याला लागतात तीन.

वीज कंपनीच्या खिडकीतल्या मुलीनं
अर्ज न उघडताच विचारलं,
"काका, घरमां शुं बनावशो?"
मला सांगता आलं नाही.
लोड मंजूर झाला नाही.

कारखान्यात तिघी होत्या.
एक उतरायची तेव्हा दुसरी चढत असायची,
तिसरी कुठेतरी मध्ये, पाळी सांभाळत.
ताकदीची बेरीज कधी शून्य नाही.
घरची वीज सेकंदाला शंभर वेळा मरते.
आपल्याला कळत नाही,
कारण बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही.
हे आधी पुस्तकातून ठाऊक होतं.
एप्रिलपासून अंगातून ठाऊक झालं,
दुपारी अडीच ते चार.

फतेपुऱ्यात मोटारी रिवाइंड करणारे रमणिकभाई म्हणाले,
पाच हॉर्सपॉवरची जुनी मोटर घ्या, थ्री फेजची.
पट्टा नको, पुली नको, शाफ्ट मोकळा.
दोरी गुंडाळून हातानं फिरवा,
वेग आला की तुमच्या दोन तारांवर टाका.
तिच्या तिसऱ्या टोकावर आपोआप येईल
जे खांबावरून आलंच नाही.
आपोआप म्हणजे कसं?
"फरे छे ने, एटले."
फिरते ना, म्हणून.

कुमुद पडवीच्या दारात.
"हिला जोडलंय काय?"
काही नाही.
"म्हणजे काम काहीच करत नाही?"
नाही.
"नुसती फिरते?"
हो.
तिनं मोटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि कणीक मळायला आत गेली.

पहिल्या दिवशी दोरी सुटून कोपरावर बसली.
दुसऱ्या दिवशी फ्यूज.
नंतर शेजारच्या माहुरकरांचा पंखा मंदावला
आणि ते बनियनवरच गच्चीत आले.
कपॅसिटर वाढवत गेलो, चाळीस, साठ, ऐंशी,
चव घेत घेत मीठ घालावं तसे.
मशीनच्या पोटातल्या पट्ट्या
चारशे पंधरावरून दोनशे वीसवर आणल्या.
तिसऱ्या तारेवर बल्ब लावून पाहिला.
बाकी दोघींपेक्षा जरा पिवळा.
पण पेटला.

पहिलं काम झोपाळ्याचं.
त्याची कडी नवरात्रात तडकली होती,
तेव्हापासून फळी भिंतीला टेकून उभी
आणि कुमुद प्लास्टिकच्या खुर्चीत वाटाणे सोलायची.
वेल्डिंगच्या सळया दमट झालेल्या.
तिच्या तव्यावर अर्धा तास शेकल्या.
तिनं पाहिलं, बोलली नाही.

नव्वद अँपिअर. त्याहून जास्त मागायचं नाही.
कंपनीत मी दोनशेवर चालवायचो.
काचेमागच्या हिरव्या काळोखात
लोखंडाचं डबकं हळूहळू भरत गेलं,
भजी तळल्याचा आवाज येत राहिला.
म्हणजे सगळं ठीक आहे.
टाका जरा जाड झाला. घासला नाही.
राहू दे, कळू दे कुठे तुटलं होतं.

मग स्विच पाडला.
दोन्ही तारा मेल्या.
मोटर मात्र आपल्याच वजनावर फिरत होती
आणि तिसऱ्या तारेवरचा बल्ब
क्षणभर, अजून क्षणभर,
लाल होत होत गेला.
काम संपलं होतं.
मी पुन्हा दोरी गुंडाळली,
नुसतं तेवढं बघायला.

रात्री जेवणं झाल्यावर आतून आवाज,
कर्र, थांबून पुन्हा कर्र.
"तेल घाला हो जरा याला,"
कुमुद म्हणाली,
पायानं जमीन मागे लोटत.