पूर्ववत

छापखाना बंद पडला त्या वर्षी
भाचा निरंजन म्हणाला, "मावशी, तुझं शुद्धलेखन पक्कं. रविवारी ये."

एरंडवण्यात दातांच्या दवाखान्यावरची खोली.
सात मुलं, चार कॉम्प्युटर,
एका बाजूलाच वारा देणारा पंखा.
कुठल्याशा थंड मुलखात कुणा पोराने छंद म्हणून लिहिलेलं,
मग हजारांनी हात लावलेलं,
फुकट...
"फुकट नाही मावशी, मोकळं!"
मी वहीत दोन्ही शब्द लिहिले
आणि मोकळ्याखाली रेघ मारली.

त्या यंत्रणेला मराठी शिकवायची होती.
फाइलला संचिका म्हणायचं की फाइलच,
यात दोन रविवार गेले, एक मैत्री गेली.
पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या कामाला
इंग्रजीत कसलंसं भुताचं नाव आहे.
फैयाज बागवान म्हणाला, वेताळ ठेवा,
टेकडीवर राहतो, तोही कुणाला दिसत नाही.
हसलो, आणि ठेवला नाही.
अजून हळहळ वाटते.
"बालक ठार करा" मात्र मी अडवलं.
"थांबवा" लिहा म्हटलं.
यंत्राला दोन्ही सारखंच असेल,
वाचणाऱ्याला नसतं.

चार हजार ओळी.
पैसे कुणी दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत.

नऊ वर्षांनी निरंजनचा फोन:
"उदगीरहून दुरुस्ती आलीय. तुझ्या ओळीत."

पडद्यावर एकाखाली एक
लाल: पुर्ववत करा
हिरवी: पूर्ववत करा

ऱ्हस्व उकार. माझा.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पकडले त्या बाईचा.
कान तापले. म्हटलं, ती लाल ओळ आधी पुसून टाक.

"पुसत नाहीत, मावशी.
तुझी चूक, तारीख, त्याचं नाव, सगळं राहतं."

आमच्याकडे प्रुफं रद्दीत जायची.
छापून यायचं ते असं,
जणू कुणी कधी अडखळलंच नव्हतं.

नाव होतं मन्मथ हुडगे.
कारणाच्या रकान्यात एवढंच:
"शाळेत पोरं चुकीचं शिकतील."
किती पोरांनी दाबलं असेल ते बटण इतक्या वर्षांत,
आणि गेलेलं परत आलं असेल
माझ्या उकारासकट.

"घेऊ ना?" निरंजनने विचारलं.
चष्मा पुसला. दोन शब्द पुन्हा वाचले,
एकेका अक्षरावर बोट ठेवून, जुनी सवय.
घे, म्हटलं.
आणि त्याला विचार,
संचिका की फाइल?