लाल रेघ

दुपारी अडीचला विडी घरकुलात सावली उरत नाही,
माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली तेवढी दीड हात.
त्यात ती उभी राहते.
आधी बाम मागते. मग खोकल्याच्या दोन गोळ्या.
मग शेजारचा पोरगा ओआरएसची पुडी घेऊन जाईपर्यंत
बरणीतल्या चॉकलेटांकडे बघत बसते.
मग कमरेच्या पिशवीतून निघतं
रिकामं पाकीट, एकवीस खड्ड्यांचं,
तंबाखूच्या वासाचं.
"जावेचं आहे. असलंच दे, अक्का."

पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ.
म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. म्हणजे सिव्हिलची रांग,
आणि रांगेत उभं राहून विड्या वळता येत नाहीत.
भिजवलेलं पान घरी सुकत राहतं,
संध्याकाळी कारखान्यात कार्डावर शून्य.
बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात रेघ कुणी बघत नाही म्हणे.
पण तिथं काउंटरवर सहा बाप्ये.

मी डी. फार्म. भिंतीवर फ्रेम आहे,
काचेवर डासांच्या कॉइलचा धूर बसलाय.
दोन वर्षं पाठ केलं होतं
कुठलं औषध रक्तात कसं उतरतं, कुणाला सोसत नाही.
आता मोजते, कात्रीनं पट्टी कापते, सुट्टे देते.

आज स्टूल पुढे सरकवलं. बस, नागमणी.
वय?
"आधारावर चौतीस. खरं यल्लम्माला ठाऊक."
डोकं दुखतं?
"रोजच दुखूलालंय की."
दुखताना डोळ्यांपुढे काही चमकतं?
"कात्री," म्हणाली.
हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.
"पत्र्यावर ऊन पडल्यासारखं. एकाच बाजूनं."
पुस्तकातला पुढचा प्रश्न होता: धूम्रपान?
तिनं दोन्ही हात पुढे केले.
नखं पिवळी, तर्जनीला दोऱ्याची चीर.
बाराव्या वर्षापासून हे हात
दुसऱ्यांचा धूर वळतायत.
पुस्तकात या हातांसाठी चौकट नव्हती.

बीपीचा पट्टा तिच्या दंडाला मोठाच होत होता.
फुगला, सुटला. एकशे अठ्ठावन्न, शंभर.
पाणी दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला.
एकशे छप्पन्न.

किती वर्षं मी मनातल्या मनात भांडत आले
की ही गोळी मला देऊ द्या, माझ्या सहीनं, माझ्या जबाबदारीवर.
आणि सही असती तरी
आज मला म्हणायचं होतं: नको.
नागमणी, ही गोळी तुझ्या जिवावर उठेल.
ती म्हणाली, "तीन झालीत. चौथं उठणार नाही व्हय?"

मी दुसऱ्या गोळीबद्दल सांगितलं, तांबीबद्दल, इंजेक्शनबद्दल.
निरोध म्हटल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसा चेकर छाटलेल्या कट्ट्याकडे बघतो.

मग बिलाच्या पाठीवर मी लिहिलं
दोन आकडे, एका बाजूची चमक, वय अंदाजे,
इस्ट्रोजेन देऊ नये, आजच पाहावे,
खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर.
हात थोडा कापला. चिठ्ठ्या वाचायची सवय मला,
लिहायची नाही.
दवाखान्यात कुणी वाचेल की टोपलीत टाकेल, माहीत नाही.

तिनं कागद पानासारखा तळव्यावर घेतला,
वळला,
टोक नखानं आत दाबलं, उकलणार नाही असं.
"आजच्या सहाशे राहिल्यात. उद्या जाते."
आजच जा, मी म्हटलं.
तिनं सूर्याकडे बघितलं, घड्याळाकडे नाही.

बामाचे पैसे ठेवून निघाली.
बाम काउंटरवरच राहिला.
हाक मारेपर्यंत ती गल्लीच्या वळणावर,
उजवीकडे बसस्टॉप, डावीकडे घर,
आणि मध्ये नेमका पाण्याचा टँकर येऊन थांबला.

रिकामं पाकीट इथंच आहे.
एकवीस खड्डे. मी बोटानं एकेक दाबून बघतेय,
उगाच.