चौथा अर्ज

जाहिरात मीच लिहिली होती,
बर्फाच्या कारखान्यातल्या पावतीबुकाच्या पाठीवर:
नवाबाग स्पोर्टिंगला मॅनेजर पाहिजे.
मानधन ठरवून. अनुभव असल्यास उत्तम.
'समुद्राची सवय असावी' हे वाक्य
खजिनदार यासीन होडेकरांनी खोडलं.
म्हणाले, खलाशी शोधतोय काय आपण?

पहिला आला कोल्हापुरातून.
सर्टिफिकेटं फाइलीत, लॅपटॉपवर बाण,
लाल धावतात, निळे अडवतात.
छान समजावलं त्यानं. मग विचारलं,
प्रॅक्टिस रोज किती वाजता?
मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून समोर ठेवलं.
पौर्णिमेला संध्याकाळी, अष्टमीला भर दुपारी,
मधल्या दिवसांत सुकती सरकेल तशी.
मैदान दिवसातून दोनदाच वर येतं, साहेब,
आणि रात्रीचं आम्ही धरत नाही.
तो हसला.
तीनच्या एसटीत बसेपर्यंत हसत होता.

दुसरा पेडण्याचा, ऑर्लांदो.
गुडघ्यावरचे टाके पँट वर करून दाखवले,
लोक पदक दाखवतात तसे.
अट एकच, रविवार मोकळा हवा.
रविवारीच तर मॅच.
तिसरा कुडाळच्या शाळेतला पीटीचा सर.
ऑफसाइडवर पाऊण तास बोलला,
निघताना विचारलं, पापलेट काय भाव?

चौथा अर्ज दाराखालून आत आला.
मापाच्या वहीचं पान,
छाती, कंबर, उंची या छापील रकान्यांवरून
आडवं लिहिलेलं:
नाव: रुझार ब्रिटो, टेलर.
अनुभव: बावीस वर्षं. याच क्लबात.
सोडण्याचं कारण: आपणांस ठाऊक आहे.

ठाऊक होतं.
शिरोड्याच्या स्पर्धेत सात गोल खाल्ले,
आठव्या दिवशी मी पत्र टाइप केलं:
'महोदय, आपल्या सेवेची यापुढे'
आणि पुढचं सगळं.
दुकानात नेऊन दिलं तेव्हा मास्तर
गोलीच्या जर्सीला ठिगळ लावत होते.
वाचलं. दोरा दातानं तोडला.
ठिगळ पुरं झाल्यावरच
जर्सी माझ्या हातात दिली,
जर्सीवर शिट्टी.

आता तेच आमच्यासमोर स्टुलावर.
शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या,
चर्चला जातात तशा.
कुणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.
शेवटी अध्यक्ष बाबी खवणेकरांनी घसा खाकरला,
ज्यांना याच माणसानं
बाराव्या वर्षी उजव्या पायानं मारायला शिकवलं होतं:
मास्तरानू, नवीन काय करतलात?

मास्तरांनी बराच वेळ
स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं,
सुईनं भोकं पडलेल्या.
कपडो तोच आसा, बाबी. माप बदललाहा.
चार झिल ट्रॉलरार गेले, एकटो दुबयक.
मी त्येंकाच धरून टीम मांडी होतंय.
सात गोल तेचे.
आता उरलेल्यांचा माप घेवक होया.

त्यांना बाहेर बसवलं.
आत आम्ही तिघं, आणि कपाटात
बावीस वर्षांच्या जर्सी;
प्रत्येकीवरचा चारचा आकडा
किंचित डावीकडे कललेला.
यासीनभाई म्हणाले, लोक काय म्हणतील,
काढलं आणि परत घेतलं?
बाबी म्हणाले, लोक आधीच म्हणतायत.
मग हात वर झाले. किती, ते वहीत आहे.

बाहेर आलो तर स्टूल रिकामं.
खाली पुळणीवर ओल्या वाळूत
टाचेनं रेघ ओढत एक माणूस चाललेला,
मागे नऊ-दहा पोरं, गप्प,
जणू कापडावर खडू फिरतोय.

रात्री टाइपरायटर पुढ्यात घेतला.
पत्ता तोच. कागद तोच.
'महोदय' टाइप केलं, खोडलं.
'प्रिय' टाइप केलं.
त्याच्यापुढे अजून काही सुचलेलं नाही.
सुकती उद्या चार अठ्ठेचाळीसला.
शिट्टी माझ्याच खिशात आहे.