या महिन्यात काहीच झालं नाही

वाल्दिव्हियात पाऊस असा पडतो
की सकाळी वाटलेली पत्रकं
संध्याकाळी लगदा होऊन गटाराच्या तोंडाशी बसतात.
पाचशे छापली होती. निळी. वर ढगाचं चित्र,
खाली ‘तुमच्या व्यवसायाचा डिजिटल सोबती’.
नदीकाठी, मासळीबाजाराच्या मागं,
ऐसपैस पसरलेल्या एका समुद्रसिंहाच्या पाठीला
त्यातलं एक चिकटलेलं पाहिलं.
तेवढ्या एकानंच ते अंगाला लावून घेतलं.

फोन आला तोही एकच.
बाईंना प्रिंटरची शाई हवी होती.

नोल्बेर्तो, माझा भागीदार, म्हणाला,
बोलणाऱ्याची मातीही खपते, एलियाना, तू बोल.
बोलले. व्यापारी मंडळाच्या नाश्त्याला,
एका हातात माईक, भिंतीवर अठरा स्लाइड.
मी ‘क्लाउड’ म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघत.
तिथं ते होतेच,
फुकटातले, ओथंबलेले.

आणि खरं सांगायचं तर मी विकते तरी काय?
रात्री दोन वाजता दातांच्या डॉक्टर इराओलांचे एक्स-रे
दुसऱ्या शहरातल्या कपाटात
पाय न वाजवता जाऊन निजतात, हे.
मासे धुरावणाऱ्या कारखान्यात
हिशेबाला परकं कुलूप ठोकून
कुणी खंडणी मागितली नाही, हे.
‘नाही’चा फोटो कसा काढायचा?
न गळणाऱ्या छपराकडे
मान वर करून कोण बघतं?

मग एका गुरुवारी म्हाताऱ्या रोसामेलचा संगणक
मंद झाला म्हणून गेले. शवपेट्यांचं दुकान.
टेबलाखाली वाकून, केबल दातांत धरून विचारलं,
तुम्ही जाहिरात कशी करता हो?
त्यानं एका झाकणावरची धूळ बाहीनं पुसली.
‘माझं कार्ड कुणालाच नको असतं,
पण प्रत्येक घराच्या एखाद्या खणात ते असतंच.
टाकून द्यायला भितात.
मी इतकंच करतो पोरी,
दुसऱ्या घंटीला फोन उचलतो,
आणि आधी नाव विचारतो. पत्ता मागाहून.’

त्या रात्री अकरा ग्राहकांना पत्र लिहिलं.
एक पान. ढग नाही.

‘या महिन्यात काहीच झालं नाही.
बावीस तारखेला पहाटे तुमची एक डिस्क
खोकायला लागली होती. बदलली. तुम्ही झोपेत होतात.
वीज तीनदा गेली, तुम्हाला दोनदाच कळलं.
पुढच्या टेबलावरच्या मुलीनं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून
पडद्याला चिकटवला होता. चिठ्ठी फाडली आहे,
मुलीला रागावू नका, तिला पासवर्ड सतरा आहेत.
वाईट बातमी एकच: सोबत बिल.’

नोल्बेर्तोनं कपाळाला हात लावला.
धंदा करतेस की कबुलीजबाब देतेस?

नोटरीसाहेबांनी करार मोडला.
काहीच होत नसेल तर पैसे कशाचे, म्हणाले.
उत्तर सुचलं, पण चार दिवसांनी,
भांडी घासताना.
दुसऱ्या महिन्याला पुन्हा लिहिलं. दहा प्रती.
तिसऱ्यालाही दहाच.
उरलेली निळी पत्रकं चुलीत घातली,
ओलसर होती, नुसता धूर झाला.

डॉक्टर इराओलांनी मात्र ते पान
वाट बघायच्या खोलीत, माशांच्या टाकीशेजारी डकवलं,
वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल.
आणि जूनमध्ये, दुकान बंद करायच्या वेळी,
कोट अर्धा अंगात, अर्धा लोंबता,
फोन वाजला.
लाकडाच्या गिरणीतून. हिशेबनीस.
गाल सुजलेला असावा, शब्द कापसातून येत होते.
‘आमच्याकडे रोज काही ना काही होतं,’ तो म्हणाला,
‘तुमचं ते काहीच न होणं
केवढ्याला मिळतं?’

दुसऱ्या घंटीलाच उचलला होता मी.
नाव विचारलं.
कळलं नाही.
पुन्हा विचारलं.